सोलेआनंतर सिगिरिया : अमळनेर येथील सरावाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

गेली चार वर्षे मी फ्लामेंको या दक्षिण स्पेनमधील संगीताची गिटार शिकत आहे आणि त्यातील बहुतेक काळ सोलेआ या एकाच प्रकाराने घेतला. तांगोस चार मात्रांचा असल्यामुळे तो लवकर हाती बसला, रुम्बा तर लग्नघरातही खपून जातो. परंतु सोलेआच्या बारा मात्रा अंगात मुरायला तीन पावसाळे जावे लागले. आजपासून सिगिरिया हाती घेत आहे. (या नावाचा शोध घेतला की मोबाइल श्रीलंकेतील खडकावरचा किल्ला दाखवतो. त्या सिगिरियाचा आणि या सिगिरियाचा काहीही संबंध नाही.) स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतात, त्यातही हेरेस, कादिस आणि सेवियाचा त्रियाना हा भाग येथे, हा गानप्रकार वाढला, सेगिदिया या जुन्या नावाचा अपभ्रंश होऊन त्याला आजचे नाव मिळाले. फ्लामेंकोतील सर्वांत गंभीर गाण्यांत त्याची गणना होते आणि त्याच्या ओळींत बहुधा मृत्यू, तुरुंग, आईचे आजारपण असेच विषय असतात.

जूनमध्ये महाविद्यालय पुन्हा सुरू होईपर्यंतचे उद्दिष्ट मर्यादित ठेवले आहे. तालाचे एक आवर्तन न अडखळता वाजवता यावे, त्यात दोन फाल्सेता, म्हणजे गाण्याच्या ओळींमध्ये गिटारने भरायच्या सुरावटी, बसवता याव्यात आणि सलग तीन मिनिटे ताल सुटू नये, एवढेच. वेळ पहाटे सव्वापाच ते साडेसहा.

गिटार नेहमीचीच, नायलॉनच्या तारांची साधी क्लासिकल. अस्सल फ्लामेंको गिटारची पाठ आणि बाजू सायप्रसच्या हलक्या लाकडाच्या असतात, त्यामुळे तिचा आवाज चटकन उठतो आणि चटकन विझतो. माझ्या गिटारचा आवाज रेंगाळतो. पुलाजवळ तारांखाली सुती कापडाची घडी सरकवून मी तो आखूड करतो. बोटाने लाकडावर ठोका द्यायचा असतो, त्याला गोल्पे म्हणतात. त्यासाठी वरच्या फळीवर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ तुकडा पूर्वीच चिकटवलेला आहे.

६ फेब्रुवारी

कोम्पास, म्हणजे तालाचे आवर्तन, आधी कागदावर मांडून पाहिले. सोलेआत बारा मात्रा असतात आणि जोर ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर पडतो. सिगिरियातही मात्रा बाराच आहेत आणि जोराच्या जागाही त्याच, फक्त सुरुवात आठव्या मात्रेपासून होते. ८, १०, १२, ३, ६ असे म्हणत गेले की मधली अंतरे २, २, ३, ३, २ अशी पडतात. म्हणजे दोन आखूड ठोके, दोन लांब ठोके आणि शेवटी पुन्हा एक आखूड. स्पॅनिश शिक्षक बारा मोजतच नाहीत, ते पाच मोजतात: ‘उनो इ, दोस इ, त्रेस इ आ, क्वात्रो इ आ, सिंको इ’. यातील ‘इ’ आणि ‘आ’ हे केवळ भरणीचे आवाज आहेत.

कागदावर हे इतके सोपे दिसले की संध्याकाळी थेट गिटार घेऊन बसलो. पंधरा मिनिटांनी लक्षात आले की मी सोलेआच वाजवत आहे आणि फक्त तिला मधूनच सुरुवात करत आहे. जागा त्याच होत्या, पण माझ्या डोक्यातली ‘एक’ जागची हललीच नव्हती.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस डाव्या हातासाठी. सोलेआ मी ई या स्वरावरून वाजवतो, ज्याला ‘पोर आरिबा’ म्हणतात. सिगिरिया बहुधा ए वरून, म्हणजे ‘पोर मेदियो’ पद्धतीने वाजवतात. ए मेजर हे घर आणि त्याच्या लगेच वर असलेला बी फ्लॅट हा तणाव, एवढ्या दोन कॉर्डवर, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांच्या जुडग्यांवर, मूळ आवर्तन उभे राहते. पहिल्या दोन आखूड ठोक्यांवर ए, लांब ठोक्यांवर बी फ्लॅट आणि शेवटच्या आखूड ठोक्यावर पुन्हा ए.

आपल्या भाषेत सांगायचे तर ए ला षड्ज धरल्यास हे स्वर भैरवी थाटाचे होतात. मात्र घरच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार येतो आणि सुरावटीत कोमल गंधारही राहतो. केवळ शुद्ध गंधार ठेवला तर ती सप्तकाची मांडणी बसंत मुखारीची होईल. दोन्ही गंधार एकाच घरात नांदतात, ही गोष्ट मला सोलेआ शिकतानाच आवडली होती.

सिगिरियाची ओळख पटवणारी एक छोटी हरकत तिसऱ्या तारेवर आहे. तिसऱ्या फ्रेटवरील बी फ्लॅट, दुसऱ्या फ्रेटवरील ए आणि मोकळ्या तारेवरील जी हे तीन स्वर उजव्या हाताने एकदाच छेडून डाव्या बोटांनीच ओढून काढायचे असतात. माझी करंगळी त्यात आळस करते. शिवाय बी फ्लॅट वाजवताना पहिली तार मोकळी ठेवली की एक टोचरा स्वर त्यात मिसळतो आणि तो मुद्दामच ठेवायचा असतो. घरातून दोनदा निरोप आला की एक तार उतरली आहे, ती आधी लावून घ्यावी.

१६ फेब्रुवारी

मेट्रोनोमशी, म्हणजे समान अंतराने टोले देणाऱ्या यंत्राशी, आज भांडण झाले आणि ते उपयोगी ठरले. बारा मात्रांना १ ते १२ असे सिगिरियाच्या सुरुवातीपासून क्रमांक दिले, तर पाच ठोके १, ३, ५, ८ आणि ११ या जागी येतात. मेट्रोनोम दर दोन मात्रांनी वाजू दिला, तर त्याचे टोले १, ३, ५, ७, ९ आणि ११ वर पडतात. म्हणजे पाचपैकी चार ठोके टोल्याबरोबर येतात आणि एकटा चौथा ठोका दोन टोल्यांच्या बरोबर मध्ये अधांतरी पडतो. दर तीन मात्रांनी टोला ठेवला तर तो १, ४, ७, १० वर येतो आणि पहिल्या ठोक्याखेरीज कोणाचीच गाठ पडत नाही. हे गणित मांडल्यावर सगळी अडचण एका जागी गोळा झाली: मला सिगिरिया येत नाही असे नसून मला तिचा चौथा ठोका येत नाही.

भुसावळच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या घरामागून जातात, म्हणून रुळांच्या ठेक्यावर सराव करण्याचा सल्ला आजवर किमान चौघांनी दिला आहे. रूळ आता सांधे जोडून अखंड केलेले आहेत. गाडीचा नुसता घोष येतो, ठेका येत नाही. आणि तो आला असता तरी समान अंतराचा ठेका नेमका या तालात काही कामाचा नाही.

२३ फेब्रुवारी

मोजमाप. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे शंका आली की मोजून पाहण्याची खोड आहे. मात्रेला ०.४ सेकंद धरले, म्हणजे आखूड ठोका ०.८ आणि लांब ठोका १.२ सेकंदांचा, आणि पूर्ण आवर्तन ४.८ सेकंदांचे व्हायला हवे. मिनिटाला ७५ टोल्यांवर मेट्रोनोम थोडा वेळ ऐकला, मग बंद केला, तीस आवर्तने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि ध्वनीच्या आलेखावर ठोक्यांमधील अंतरे मोजली. आखूड ठोके तिन्ही जवळपास ०.८ आले. तिसरा ठोका सरासरी १.० आणि चौथा १.१ सेकंद टिकला. आवर्तन ४.५ सेकंदांत आटोपत होते.

याचा अर्थ असा की मी लांब ठोक्यांना लांब होऊच देत नव्हतो. कानाला मात्र सर्व ठीक वाटत होते, कारण प्रत्येक आवर्तनात चूक तितकीच आणि तिथेच होत होती. बिघडलेले घड्याळ जसे नियमाने मागे पडते, तसे माझे नियमाने पुढे पळत होते.

९ मार्च

बारावीच्या परीक्षेचे काम आणि उत्तरपत्रिका यांमुळे दोन आठवडे सराव जवळजवळ झाला नाही. त्यात गठ्ठ्याची सुतळी सोडताना उजव्या अंगठ्याचे नख मुळापर्यंत चिरले. सिगिरियाचा अर्धा भार अंगठ्यावर असतो. नख वाढेपर्यंत फक्त टाळ्या आणि ऐकणे.

२२ मार्च

पारोळ्याहून मामा आले होते. ते तिथल्या भजनी मंडळात चाळीस वर्षे तबला वाजवतात. त्यांना पाच ठोके टाळीने दाखवले. त्यांनी दोनदा ऐकले आणि म्हणाले, “बारा मात्रा आहेत ना? मग एकतालच धर. तुझे ठोके कुठे पडतात ते मी सांगतो.” त्यांनी एकतालाचा ठेका धरला: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. मी टाळ्या देऊ लागलो. पहिली टाळी पहिल्या धिंवर, दुसरी धागेवर, तिसरी तूवर आणि शेवटची धीवर, या चारही विभागांच्या आरंभावर आल्या. चौथी टाळी आठव्या मात्रेवर म्हणजे ‘ता’वर आली.

“हा बघ तुझा गोंधळ,” मामा म्हणाले. “तू कत्‌वर पडतोस. तुला ता पाहिजे. कत्‌ ऐकायचा आणि गप्प बसायचे.”

मेट्रोनोमने महिन्यापूर्वी जे सांगितले तेच तबल्याने सांगितले. पण टोल्याच्या कोरड्या आवाजात दोन टोल्यांमधली जागा रिकामी असते, आणि तबल्याच्या ठेक्यात त्या जागेला स्वतःचा बोल आहे. ‘ता’ हा आवाज ओळखून त्यावर उतरणे मला वीस मिनिटांत जमू लागले. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात तिसरा ठोका पहिल्यांदाच १.२ सेकंदांच्या जवळ गेला.

मात्र या उपायाला एक खोट निघाली, आणि ती आमच्या दोघांच्या संस्कारातच होती. मामांनी उत्साहाने एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा एकच तुकडा, जोडली आणि ती समेवर, पहिल्या मात्रेवर आणून सोडली. मीही त्यांच्याबरोबर तिथे ए मेजरवर येऊन थांबलो. आपल्याकडे सगळे जाऊन पोचते ते समेवर. सिगिरियाची सुरावट मात्र पाचव्या ठोक्यावर, म्हणजे एकतालाच्या अकराव्या मात्रेवर घरी येते. त्यापुढची पहिली मात्रा ही नव्या निघण्याची असते, पोचण्याची नसते. मी समेवर विसावलो की ऐकणाऱ्याला माणूस उंबरा ओलांडून पुन्हा अंगणात जाऊन उभा राहिल्यासारखे वाटते. सोलेआतही सुरावट दहाव्या मात्रेवर मिटते, हे मला ठाऊक होते. पण तिथे मी स्पॅनिश आकडे मोजत होतो, आणि इथे कानात तबला होता. मामांना हे पटले नाही. ते म्हणाले, “सम नसलेला ताल म्हणजे पाया नसलेले घर.” मी वाद घातला नाही, परंतु पुढच्या वेळी तिहाई टाकू नका अशी विनंती केली आणि ती त्यांनी मान्य केली नाही.

१३ एप्रिल

उन्हाने गिटारवरही ताबा घेतला आहे. दुपारी खोलीतील आर्द्रतामापक १८ टक्के दाखवतो आणि पाण्याचा कूलर सुरू केला की दोन तासांत ६० च्या पुढे जातो. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यानची, आणि मुख्य म्हणजे स्थिर, हवा मानवते. कोरड्या हवेत वरची फळी आक्रसते, ओल्या हवेत फुगते. फळी फुगली की तारा वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटपाशी सहाव्या तारेची उंची फेब्रुवारीत ३.० मिलिमीटर होती, ती आता ३.४ आहे. फ्लामेंकोत तारा खाली असाव्या लागतात. एवढ्या फरकानेही तिसऱ्या तारेवरची ती ओढीव हरकत जड झाली आहे.

उपाय असा केला की गिटार वाजवून झाल्यावर पेटीतच ठेवायची, पेटीत भिजवून पिळलेला स्पंजाचा तुकडा छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत ठेवायचा आणि सराव कूलर सुरू होण्यापूर्वी पहाटेच उरकायचा. गोल्पेसाठी चिकटवलेल्या प्लास्टिकची एक कड उन्हाने सुटली होती, ती पुन्हा दाबून बसवली.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज सराव झाला नाही, पण या तीन महिन्यांतील सर्वांत उपयोगी गोष्ट आज घडली, म्हणून सविस्तर लिहितो. सकाळी घागर भरली, आमरस-पुरणपोळीचे जेवण झाले आणि दुपार कलल्यावर वाड्यामागच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर माहेरी आलेल्या लेकी जमल्या. आत्या सत्तरीच्या आहेत, तरी आखाजीची गाणी त्याच सांगतात आणि बाकीच्या मागून म्हणतात.

मी शेजारी बसून टाळ्यांकडे लक्ष दिले. आत्यांच्या टाळ्या समान अंतराने येत नव्हत्या. एखादा शब्द लांब असला की टाळी थांबत असे, आखूड शब्दावर लगेच पडत असे, आणि तरीही ओळ संपताना सगळ्या बायका एकाच वेळी एकाच जागी येत होत्या. भौतिकशास्त्राच्या सवयीने मी आधी झोक्याकडे पाहिले, कारण लंबकाचा काल स्थिर असतो. पण झोका आपल्या गतीने जात होता आणि गाणे आपल्या. गाण्याला झोका धरून ठेवत नव्हता, शब्द धरून ठेवत होते.

गाणे थांबल्यावर मी त्यांना विचारले की एका ओळीत मात्रा किती असतात. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले आणि म्हणाल्या, “तू मोजत बसस, म्हनीसन चुकस.”

४ मे

आत्यांचे म्हणणे शब्दशः मानून पाहण्याचे ठरवले. सिगिरियासाठी आकड्यांऐवजी शब्द हवेत: दोन अक्षरांचे दोन, मग तीन अक्षरांचे दोन आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरांचा एक. प्रथम भाज्यांची नावे घेऊन पाहिली, मग नातेवाइकांची. कशातही चाल येईना. संध्याकाळी बोरीच्या पुलावरून घरी येताना, खाली वाळू आणि डबकी पाहत असताना, नद्यांची नावे सुचली.

तापी, बोरी, पांझरा, गिरणा, तापी.

अक्षरे २, २, ३, ३, २ अशी बरोबर बसतात. प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षरावर ठोका द्यायचा आणि उरलेली अक्षरे वाहू द्यायची. याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या दिवशी वाजवताना लक्षात आली. बोरी, पांझरा आणि गिरणा या तिन्ही नद्या शेवटी तापीलाच मिळतात, त्यामुळे पाचव्या ठोक्यावर ‘तापी’ म्हणताना ए मेजरवर परत येणे मनाला आपोआप पटते; आणि पुढच्या आवर्तनातली ‘तापी’ ही नुसती पुढे वाहणारी असते, तिथे थांबावेसे वाटत नाही. समेवर विसावण्याची जी खोड मला मार्चपासून सोडवत नव्हती, ती या दोन तापींमुळे सैल झाली.

१० मे

मोठ्या आनंदाने आठवडाभर नद्या म्हणत वाजवले आणि आज मोजले, तर आवर्तन अकराच मात्रांचे भरले. तीस आवर्तनांपैकी एकोणीस आवर्तनांत चौथा ठोका बरोबर एक मात्रेने आखूड. तिसरा ठोका मात्र अचूक.

कारण शोधायला अर्धा तास लागला आणि सापडल्यावर हसू आले. लिहिताना ‘गिरणा’ तीन अक्षरांची आहे. बोलताना आम्ही तिला ‘गिर्णा’ म्हणतो, आणि घरातल्या अहिराणीत तर ती ‘गिर्ना’च होते, म्हणजे जिभेवर ती दोनच ठोक्यांत उरकते. पांझरा बोलतानाही पां-झ-रा अशी तिन्ही अक्षरे वेगळी राहतात, म्हणून तिथे चूक नव्हती. जो ठोका पहिल्यापासून दुबळा होता, त्याच ठोक्यावर मी नेमका आखडणारा शब्द ठेवला होता.

पहिलीतली मुले शब्द फोडून वाचतात तसे ‘गि-र-णा’ म्हणण्याचा नेम केला. पंचवीस मिनिटांत आवर्तन पुन्हा बाराचे झाले. शब्द बदलून टाकण्याचा विचार होता, पण बदलला नाही. ज्या जागी लक्ष द्यायचे, त्या जागी अडखळायला लावणारा शब्द असणे बरे.

२५ मे

ताल हाती आल्यावर उजवा हात उघडा पडला. पहिली फाल्सेता पूर्णपणे अंगठ्याची आहे आणि जुन्या वळणाची. हेरेसकडील वादनात अशी अंगठ्याची, खर्जातली, थोड्या स्वरांची कामे फार असतात. फ्लामेंकोत अंगठा तार छेडून पुढच्या तारेवर टेकून थांबतो, त्यामुळे आवाज जाड येतो. क्लासिकल पद्धतीने हवेत सुटणारा अंगठा मी सोलेआच्या वेळीच मोडून काढला होता, तो त्रास आता वाचला.

दुसऱ्या फाल्सेतात अल्सापुआ आहे. यात अंगठा एकच नख दोन्ही बाजूंनी वापरतो: खर्जाच्या तारेवर एकटा स्वर, मग वरच्या तारांवरून खाली जाणारा झटका आणि तसाच परत वर येणारा झटका. तीन हालचालींचा हा गट आखूड ठोक्यात एका प्रकारे आणि लांब ठोक्यात दुसऱ्या प्रकारे बसवावा लागतो. लांब ठोक्यात तीन मात्रा असल्यामुळे मात्रेला एक गट सहज बसतो. आखूड ठोक्यात दोनच गट बसतात आणि हात मात्र तिसऱ्याची वाट पाहतो. सध्या तिथे मी अल्सापुआ गाळून साधा रास्गेआदो, म्हणजे बोटे एकामागून एक उलगडून तारा झोडणे, वापरतो. ही तडजोड आहे हे मान्य आहे. चिरलेल्या नखाची रेघ अजून पूर्ण बाहेर आलेली नाही, तोवर परतीच्या झटक्यावर जोर देणे शहाणपणाचे नाही.

८ जून

या आठवड्यात वाजवणे कमी आणि ऐकणे अधिक केले. हेरेसचे मानुएल तोरे (१८७८ ते १९३३) यांची जुनी तबकड्यांवरची सिगिरिया आणि साबिकास (१९१२ ते १९९०) यांचे एकल गिटारवादन आलटून पालटून लावले. साबिकास ऐकताना मला नद्या म्हणता येतात. तोरे ऐकताना म्हणता येत नाहीत. गायक ओळीच्या शेवटी एखादा स्वर इतका ताणतो की माझी गिरणा आटून जाते, आणि त्यांच्यामागचा गिटारवादक मात्र न गोंधळता त्यांची वाट पाहतो, आणि ते श्वास घेताच पाचव्या ठोक्यावर त्यांना झेलतो. तीन मिनिटे ताल सुटू नये हे माझे उद्दिष्ट एकल वादनापुरते ठीक आहे. गाण्याच्या साथीला ते पुरणार नाही, हे कळले.

याच तालाचा आणखी एक वापर सापडला. मार्तिनेते हे गाणे लोहारकामाशी जोडलेले आहे आणि ते गिटारशिवाय म्हणतात. रंगमंचावर त्याला ऐरणीवरच्या हातोड्याची साथ देतात तेव्हा हातोडा सिगिरियाच्याच पाच जागी पडतो. स्वरांचा काही आधार नसताना नुसत्या लोखंडाच्या आवाजावर ते पाच ठोके ऐकणे हा माझ्यासाठी उत्तम पाठ ठरला. सकाळी गिटारऐवजी अडकित्त्याने खलबत्त्यावर तेच करून पाहिले. घरातून लगेच हरकत आली.

एक खुलासा स्वतःसाठीच लिहून ठेवतो. स्पेनमधील रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेले आहे, आणि फ्लामेंकोच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. हे ऐकल्यावर परिचितांपैकी प्रत्येक जण सिगिरिया म्हणजे आपलाच कुठला तरी ताल असल्याचे सांगू लागतो. एकतालाने मला आठवी मात्रा सापडून दिली, हे खरे. पण तो मी चढायला घेतलेला जिना होता. घडणीत दोन्ही इतके वेगळे आहेत की एकाची सवय दुसऱ्यात आडवी येते, हे मी महिनाभर बोटांनी भोगले आहे.

२२ जून

पावसाची पहिली मोठी सर परवा झाली. हवा आता दिवसरात्र ओलसर आहे. तारांची उंची ३.३ वर स्थिरावली आणि कूलर बंद झाल्यामुळे ती तिथेच राहते आहे.

अखेरचे मोजमाप आज सकाळी केले. या वेळी गती वाढवून मात्रा ०.३ सेकंदांची ठेवली, म्हणजे लांब ठोका ०.९ आणि आवर्तन ३.६ सेकंदांचे. पन्नास आवर्तने सलग वाजवली, ती बरोबर तीन मिनिटे झाली. तिसऱ्या ठोक्याची सरासरी ०.९०, चौथ्याची ०.८८. दोन आवर्तनांत ताल हलला. दोन्ही वेळा अल्सापुआच्या फाल्सेतातून साध्या आवर्तनात परतताना, म्हणजे जिथे मी तडजोड केली होती तिथेच.

दुपारी मामा आले. ते नद्या म्हणत टाळ्या देऊ लागले आणि मी वाजवू लागलो. आठव्या-नवव्या आवर्तनात त्यांनी मला न सांगता तिहाई टाकली आणि समेवर मोठ्याने “हां!” म्हटले, मी तोवर तापीवर येऊन पुढच्या तापीला निघालोही होतो. या वेळी मी त्यांच्याबरोबर थांबलो नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या आवर्तनात टाळी पुन्हा धरली.

चहाच्या वेळी त्यांनी दुसरीच चूक काढली. “तुझा क्रम चुकीचा आहे,” ते म्हणाले. “तापीच्या पाण्याबरोबर खाली आलास की आधी गिरणा लागते, मग बोरी आणि सगळ्यात शेवटी पांझरा.” त्यांचे म्हणणे खरे आहे. क्रम दुरुस्त करून म्हणून पाहिला, तर अंतरे २, ३, २, ३, २ अशी झाली आणि सिगिरिया जागच्या जागी मोडली. म्हणून बोरी दुसऱ्या जागीच ठेवली आहे. उद्यापासून महाविद्यालयाचे वेळापत्रक बदलते, त्यामुळे सराव रात्री नऊनंतर. पहिले काम दुसऱ्या फाल्सेतातील आखूड ठोक्यांत अल्सापुआ परत आणण्याचे. नखावरची रेघ गेल्या आठवड्यात कापून टाकली.